गुणाजीचं झाकण

जीपखालून दोन पाय बाहेर आलेले होते आणि हौसाबाई त्या पायांशी भांडत होती.

"गारी आगीवरून जाईल म्हंजे जाईल. आवडीच्या तोंडावर सांगून आलेय मी."

पाय काही बोलले नाहीत. उजव्या पायाचा अंगठा जरासा हलला, तेवढंच. बावीस वर्षांच्या संसारात हौसाबाईला त्या अंगठ्याची भाषा पाठ झाली होती. अंगठा हलला म्हणजे नवऱ्याने ऐकलं. ताठ उभा राहिला म्हणजे पटलं नाही.

अंगठा ताठ उभा राहिला.

"हौसे, ती बैल नाय," खालून गुणाजीचा आवाज आला.

"मना म्हाईत हाय बैल नाय. बैल असता तर चार वर्सांत एकदा तरी माझ्या हाकेला आला असता."

"ती पेट्रोल पिते."

"पिऊं दे. दारूबंदी लागली तरी गावातले निम्मे बाप्ये पिऊनच आगीवरून उड्या मारतात. त्यांचा काय जलला?"

जीपखालून खोकल्यासारखा आवाज आला. गुणाजी हसला की असाच खोकायचा. म्हणजे अर्धं काम झालं, असं समजून हौसाबाईने पदर खोचला आणि ती चुलीकडे वळली. पुरुषाला एका दमात सगळं पटवू नये, भात उतू जातो, हे तिला तिच्या आईने कोपरला, माहेरी असतानाच शिकवलं होतं. आई मिठागरावर मीठ ओढायची. हौसाबाईही लग्नाआधी ओढायची. सासरी आल्यावर सासू म्हणायची, "मिठाची पोर आनली, आता जेवनात मीठ नको टाकायला."

बावन्न सालची ती दिवाळी. पाडवा दोन दिवसांवर आला होता. पाडव्याला तिन्हीसांजेला मानपाड्यात गावदेवीच्या पुढ्यात वाटेवर पेंढा अंथरायचा, पेटवायचा, आणि गावातली गुरं त्या जाळावरून पलीकडे उडवायची. वर्षाची पीडा, गोचीड, खुरकुत, सगळं त्या जाळात जातं म्हणत. पहिली जोडी कुणाची, त्याला मान. तो मान गुणाजीच्या आज्यापासून गुणाजीच्या घराला होता. हौसाबाई लग्न होऊन आली त्या वर्षी तिच्या दारचे बैल पहिले उडाले, तेव्हा हिरव्या लुगड्यातली सोळा वर्षांची नवरी मान वर करून उभी राहिली होती. ती मान नंतर कधी खाली आली नाही, असं शेजारची आवडाबाई म्हणायची. खोटं नव्हतं ते.

आणि मग ही जीप आली.

लढाईच्या दिवसांत गुणाजी कल्याणच्या कॅम्पात मोटारी धुवायच्या कामाला लागला होता. धुता धुता नट पिळायला लागला, नट पिळता पिळता इंजिन उतरवायला लागला. अक्षर एक येत नव्हतं, पण कान असा की लांबून मोटार येताना ऐकून सांगायचा, हिच्या पोटात काय दुखतंय. लढाई संपली, गोरे गेले, आणि कॅम्पातलं सामान डिस्पोजल म्हणून लिलावात निघालं. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गुणाजीने एक जीप घेतली. जीप म्हणायची आपली. चाकं होती, पण त्यांत वारा नव्हता. बॉनेट होतं, त्याखालचं निम्मं सामान गोणीत भरून वेगळं दिलेलं होतं. ती कल्याणहून मानपाड्याला आली कशी, तर चांद्या आणि रतन या घरच्याच बैलांनी ओढून आणली. वाटेत लोक थांबून बघत होते. ठाकुर्लीला एक रेल्वेवाला म्हणाला म्हणे, "बैलांच्या मागे बांधून आणताय, ही काय नवी नवरी आहे का?"

हौसाबाईने दारात तुकडा ओवाळून टाकला. तो जीपवरून नाही, बैलांवरून. जीपकडे बघून ती म्हणाली, "ह्यो साहेबाचा सांगाडा गोठ्यात नको."

सांगाडा गोठ्यातच आला. आणि पुढच्या पौषात त्याच्या चाकांसाठी, सामानासाठी, चांद्या-रतनची जोडी म्हशाच्या जत्रेत विकायला गेली आणि परत आली नाही. ज्यांनी ओढून आणली, त्यांच्याच जागेवर ती उभी राहिली. हौसाबाई तेव्हा रडली नाही. ती रिकाम्या गव्हाणीत मीठ टाकत राहिली, चार दिवस, सवयीने. पाचव्या दिवशी गुणाजीने गव्हाण उखडली. सागाच्या जुन्या फळ्या होत्या. त्यांची कड बैलांच्या जिभेने घासून घासून आरशासारखी झाली होती. त्या फळ्या त्याने जीपला दोन्ही बाजूंनी ठोकल्या, मागे बसायला बाक केले, वर कॅम्पातल्या तंबूची कनात ओढली. हॉर्न वाजत नव्हता, म्हणून रतनच्या गळ्यातली घुंगरमाळ पुढे बांधली.

"आता बोल," तो म्हणाला. "बैल घरातच हायत."

हौसाबाईने फळीच्या गुळगुळीत कडेवरून हात फिरवला आणि काही बोलली नाही. तिच्या आयुष्यात असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्यासारखे.

पुढची चार वर्षं त्या जीपमध्ये रोज काहीतरी नवं होत होतं. गुणाजी संध्याकाळी खाजणातल्या शेतातून यायचा, पाय धुवायचा, आणि गोठ्यात शिरायचा. आज पायरी ठोक, उद्या बाकाखाली पेंढ्याची गादी घाल, परवा पुढच्या काचेला रबर म्हणून सायकलची जुनी ट्यूब लाव. भाताचे भारे बांधावरून त्या जीपने आणले. जिथे बैलगाडी चिखलात कुल्ल्यापर्यंत रुतायची, तिथून ही कण्हत, कुंथत, पण निघायची. ऐन पावसात गावातल्या तीन बाळंतिणी तिने कल्याणला पोचवल्या, त्यातली एक आवडाबाईची सून तुळसा. वराती नेल्या. देवीची पालखी एकदा नेली. लांबून घुंगरमाळ वाजली की पोरं ओरडायची, "गुणाजीचा बैल आला!"

आणि त्या बैलाची एक गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. जीपची पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या गादीखाली असते. कॅम्पातल्या गोऱ्या साहेबाने गुणाजीला सांगितलं होतं, झाकण लाव, मग आणखी एकदा पिळ. गुणाजीने ते मंत्रासारखं धरलं. रोज दिवेलागणीला तो गादी उचलायचा, झाकणावर तळवा ठेवायचा, पिळायचा. आधीच घट्ट असायचं. तरी पिळायचा. कल्याणच्या नाक्यावर उभ्या ट्रकवाल्यांनाही तो विचारायचा, "दादा, झाकान बघितलात का?" बाकी कुठल्याच गोष्टीचा गर्व नसलेला माणूस. गर्व होता तो त्या झाकणाचा.

हौसाबाईच्या गर्वाला मात्र चार वर्षं उपास घडत होता. बैल गेले तसा पाडव्याचा मान गेला आवडाबाईच्या दारी. आवडाबाईचा मुलगा पोपट आपली जोडी पहिली उडवायचा आणि आवडाबाई हात कमरेवर ठेवून सगळ्या आळीभर हसायची. विहिरीवर म्हणायची, "आमचा बैल शेन तरी टाकतो गं. तुमचा काय टाकतो? काला तेल."

"तुज्या बैलाचा शेन नि तुजी जीभ, दोन्ही सारवायलाच बरी," हौसाबाई म्हणायची. पण घरी आल्यावर तिचा घास उतरायचा नाही.

त्या वर्षी विहिरीवर ती बोलून बसली. "ह्या सणाला आमची गारी पहिली जाईल. गव्हाण तिच्यात हाय, घुंगुरमाला तिच्यात हाय, गोठ्यात ती बांधलेली हाय. बैलाचा मान बैलाच्या जाग्याला."

आणि गंमत म्हणजे पंचांनी हो म्हटलं. जीपने गावाचं केलं होतं ना. आवडाबाईच्याच सुनेला तिने जिवंत ठेवलं होतं, त्यामुळे पोपटही म्हणाला, "जाऊं दे काकाची गारी. बघू तरी."

राहिला होता तो फक्त गुणाजीचा अंगठा. जेवण झाल्यावर गुणाजी ओट्यावर पाय पसरून बसला, तेव्हा हौसाबाईने कंदिलाच्या उजेडात बघितलं. अंगठा खाली आला होता.

"पेंढा वीतभर उंच, जास्त नाय," तो म्हणाला. "टाकीवर ओला गोनपाट टाकीन. दोन घागरी पानी मागं. आनि मी सांगीन तवाच पेटवायचा."

"तुमी सांगाल तसा."

"तू मधी काय करू नको."

"मी कशाला करतेय?"

पाडव्याच्या सकाळी तिने जीप धुतली. बॉनेटवर तांदळाच्या पिठाचे हात उठवले, चाकांना गेरू लावला, बंपरला झेंडूचं तोरण. गुणाजी झाकण बघून, पिळून, गोणपाट भिजवून दुपारी जरा आडवा झाला. आणि हौसाबाई गोठ्यात जीपकडे बघत उभी राहिली. काहीतरी राहिलं होतं. चांद्या-रतन असते तर या वेळेला तिने त्यांच्या शिंगांना, खुरांना करंजेल, करंजाच्या बियांचं तेल, चोळलं असतं. सणाला कोरड्या खुराचा बैल बाहेर काढतात का? लोक घरच्या बाईला नावं ठेवतील. आणि या गव्हाणीच्या फळ्या कशा रुक्ष दिसतायत, चार पावसाळे खाल्लेल्या.

तिने कोनाड्यातली निळी बाटली काढली. कधीकाळी दवाखान्यातून औषध आलेली बाटली, तोंडाला तिच्याच फाटक्या लुगड्याच्या हिरव्या काठाचा बोळा. करंजेलाने भरलेली होती. तिने तळहातावर तेल ओतून फळ्यांना चोळायला सुरुवात केली. फळ्या प्यायल्या. आणखी ओतलं, आणखी प्यायल्या. चार वर्षांची तहान होती. कड पुन्हा आरशासारखी झाली. तेल फळीवरून ओघळून कनातीच्या कडेला उतरलं, तेही तिने चोळून जिरवलं. बाटली रिकामी झाली तेव्हा हौसाबाई फळीला गाल लावून उभी होती. बैलाच्या अंगाचा वास येतोय असं तिला वाटलं.

नवऱ्याने मध्ये काही करू नको म्हटलं होतं. म्हणून रिकामी बाटली तिने पेंढ्याच्या उडवीत खोल खुपसली. त्यात तिला पाप वाटलं नाही. तेल म्हणजे पेट्रोल थोडंच?

तिन्हीसांजेला गावदेवीपुढे सगळं गाव जमलं. मुलगा राघो ठाकुर्लीच्या पॉवर हाउसमध्ये कामाला होता, तोही पाळी बदलून आलेला. पेंढा वीतभर अंथरला. गुणाजीने सगळ्यांदेखत गादी उचलून झाकण पिळलं, ओला गोणपाट नीट केला, आणि हात वर केला. पेंढा पेटला.

घुंगरमाळ वाजवत जीप निघाली. पुढची चाकं जाळात शिरली, ठिणग्या उडाल्या, पोरांनी किंचाळून घेतलं. मागची चाकं शिरली. आणि ती बाहेर आली, अख्खी, झेंडूच्या तोरणासकट. हौसाबाईने मान वळवून आवडाबाईकडे बघितलं. जन्मभर पुरेल असं बघितलं. चार श्वास घेता येतील एवढाच वेळ मिळाला तिला तसं बघायला.

कारण फळीच्या खालच्या कडेवरून कुणी जरीचा धागा ओढत न्यावा तशी एक पिवळी रेघ पळत गेली. मागून पुढे. मग ती रेघ वर चढली आणि कनात धडाडली.

"बापा, उडी मार!" राघो ओरडला.

गुणाजीने मागे वळून बघितलं. उडी मारली नाही. त्याने जीप तशीच देवळाच्या अंगाने उतारावर घातली आणि सरळ गावतळ्यात नेली. पेटलेली कनात त्याच्या खांद्यांवर पडत होती आणि घुंगरमाळ वाजत होती, वाजत होती, आणि मग पाण्यात शिरल्यावर एकदम थांबली. त्यानंतर नुसता चर्रर्र आवाज आणि वाफ.

लोक पोचले तेव्हा तो कमरेएवढ्या पाण्यात चाक धरून उभा होता. दोन्ही हातांची कातडी कोपरापर्यंत सोललेली. जीपचं लोखंड शाबूत होतं. गव्हाणीच्या फळ्यांच्या जागी काळे दात उरले होते.

"कसा झाला रं? कसा झाला?" पोपट विचारत होता.

हौसाबाई पाण्यात उतरून त्याला धरायला गेली. तिचे हात अजून चकाकत होते. गुणाजीने त्या हातांकडे बघितलं. नाक जरासं फुललं त्याचं. ज्या माणसाला लांबून मोटारीचं दुखणं कळायचं, त्याला वितीवरचा करंजेलाचा वास कळला नसेल? पण हा विचार हौसाबाईने पुढे पाच वर्षं दाराबाहेर उभा ठेवला.

"झाकान सैल राहिला," गुणाजी म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्याकरून राहिला."

रात्री हातांना मध लावताना राघो म्हणाला, "बापा, मी बघितलेलं तुला झाकण लावताना. आणि टाकीने पेट घेतला असता ना, तर तू इथे बसला नसतास. पेट्रोल नाय ते. दुसरं काहीतरी—"

"पॉवर हाउसात वायरी जोड तू," हौसाबाई तुटून पडली. "बापाला शिकवू नको."

बस्स. ती वेळ होती, आणि ती गेली.

गावाला काय, गावाला बोलायला गोष्ट मिळाली. आयुष्यभर दुसऱ्यांची झाकणं तपासणाऱ्याचंच झाकण सैल! लग्नात गॅसबत्ती पेटवायची झाली की कोणीतरी ओरडायचं, "झाकान बघा रं, गुणाजीचा झाकान!" होळी पेटवताना तेच. पुढे पुढे तर ज्यांनी तो पाडवा पाहिला नव्हता, ती पोरंही चूल पेटवताना म्हणायला लागली. पूर्वी कुणाची मोटार, कुणाचा पंप अडला की डोंबिवलीपासून माणसं गुणाजीला बोलवायला यायची. ती कमी झाली. आली तर निघताना हसत म्हणायची, "काका, झाकण मी बघतो हां."

गुणाजी खोकायचा. तसाच, हसल्यासारखा.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, त्यानंतरचं वर्ष हौसाबाईच्या संसारातलं सगळ्यात गोड वर्ष होतं. गुणाजीच्या बोटांत पाना धरायची ताकद उरली नव्हती. जीप तर उभी करायची होती. मग हौसाबाई झाली त्याचे हात. तो शेजारी पाटावर बसायचा आणि सांगायचा.

"मोठा पाना घे. मोठा म्हंजे मोठा, ती काय पली हाय?"

"पलीनंच तुमाला बावीस वर्सं वाढतेय, आता पान्यानं वाढते."

"उजवीकरं फिरव. तुजा उजवा. जेवायचा हात."

ती जीपखाली शिरायची. आता बाहेर तिचे पाय दिसायचे, जोडवी घातलेले, आणि गावातल्या बायका गोठ्यात डोकावून तोंडाला पदर लावायच्या. हौसाबाई खालूनच ओरडायची, "काय बघता गं? नवऱ्याच्या वस्तूखाली शिरलेय, लोकाच्या नाय." फळ्या कल्याण कॅम्पात राहायला आलेल्या सिंधी लोकांकडून आणल्या. त्यांच्या सामानाची खोकी होती, आंब्याच्या लाकडाची. त्यावर काळी अक्षरं छापलेली. दोघांनाही वाचता येत नव्हती, म्हणून दिसायला बरी दिसतात तशी लावली. राघो घरी आला आणि पोट धरून हसला. "आई, त्यावर लिहिलंय, ही बाजू वर ठेवा. तुम्ही खाली ठेवलीय!"

"राहूं दे," गुणाजी म्हणाला. "गारीला वाचता येत नाय."

त्या वर्षात तीनदा तरी तिच्या ओठांवर आलं. एकदा ती जीपखाली होती, तोंड दिसत नव्हतं, म्हणून धीर आला. "अवो, त्या सनाच्या दिवशी मी ना—"

"मधला पाना दे," गुणाजी म्हणाला.

"तुमच्याच बाजूला हाय तो."

"मग राहूं दे."

ती पुन्हा नट पिळू लागली. मनात म्हणाली, सांगू पुढे कधीतरी. मुळात तिला कबूल करायची सवय नव्हती. सबंध जन्मात 'चुकलं' हा शब्द तिने फक्त दुसऱ्यांच्या नावापुढे वापरलेला.

जीप पुन्हा चालू झाली. भारे आणले, वराती नेल्या. राघोची बायको गोदा तिच्यातूनच घरात आली. फक्त पाडव्याला जीप गोठ्यातून बाहेर निघाली नाही. मान आवडाबाईकडे गेला तो गेला.

सत्तावन्नच्या श्रावणात गुणाजी तापाने गेला. चार दिवसांचा ताप. अंगणात त्याला तिरडीवर घेतलं तेव्हा सगळे त्याच्या तोंडाकडे बघून रडत होते. हौसाबाई पायांकडे बघत होती. दोन्ही अंगठे सुताने एकमेकांना बांधलेले होते. आता विचारणार कुणाला, आणि कळणार कसं, असं तिला झालं.

दिवाळीच्या आधी राघो म्हणाला, "आई, बापाच्या हत्यारांची पेटी उघडून बघू का? पावसाने गंजली असतील."

"मी बघते. पान्यांची नावं मना म्हाईत हायत."

पेटी कॅम्पातली होती, बंदुकीच्या गोळ्यांची लोखंडी पेटी. हौसाबाईने एकेक पाना काढून पुसला. मोठा, मधला, वाकडा. तळाला तेलकट फडक्यात काहीतरी गुंडाळलेलं लागलं. तिला वाटलं, इंजिनातला एखादा नाजूक तुकडा असेल. फडकं सोडलं.

निळी बाटली.

उडवीतली. पाच वर्षांपूर्वी पेंढा संपत आला तेव्हा तिने ती शोधली होती आणि मिळाली नव्हती. मातीत गेली असेल म्हणून जीव थंड केला होता. बाटली आतून राखेने घासून धुतलेली, लख्ख. तोंडाला मात्र तिच्या लुगड्याचा हिरवा काठ तसाच. तिने तो नाकाला लावला. करंजेल.

कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्याने ती लपवली होती. फेकून देता आली असती. तळ्यात टाकता आली असती. पण घरातली वस्तू होती, बाईच्या हातची होती. ती त्याने मधल्या पान्याच्या खाली ठेवली होती.

मग तिला तो गोठ्यातला दिवस आठवला. मधला पाना त्याच्याच बाजूला होता. त्याने तो मागितला होता ते तिचं बोलणं मध्येच तोडायला. तिने कबूल करू नये म्हणून. तिची मान खाली जाऊ नये म्हणून.

पाडव्याला तिन्हीसांजेला हौसाबाई गावदेवीपुढे आली. पांढऱ्या कपाळाची बाई सणाच्या जागी पुढे येत नाही. ती आली. लोकांनी वाट दिली. पेंढा अंथरलेला होता. पोपट बैलांना धरून उभा होता आणि आवडाबाई नेहमीच्या जागी, कमरेवर हात. पेटवणाऱ्याने काडी काढली, आणि पोरांमधून आवाज आला, दर वर्षीचा—

"झाकान बघा रं! गुणा—"

आवडाबाईच्या सुनेने, तुळसाने, पोराच्या पाठीत धपाटा घातला. पण शब्द निघून गेला होता.

"थांब," हौसाबाई म्हणाली. "काडी विझव."

काडी विझली.

"त्याचा झाकान घट्ट होता," ती म्हणाली. आवाज मोठा केला नाही. तिचा साधा आवाजही चार आळ्यांना पुरायचा. "तुमच्यासमोर पिळलेला तुमी बघितला. तरी त्यानं सांगितला नि तुमी ऐकला. फल्यांना करंजेल मी चोललेला. बाटलीभर. बैल समजून. त्यानं सांगितलेला मधी काय करू नको, नि मी केला. त्याचे हात माझ्यानं जलले. आता परत कुनी झाकानाचा नाव काढला, तर माझा घ्यायचा. हौसाचा तेल म्हनायचा. त्याचा घ्यायचा नाय."

बैलाने कान झटकले तेवढे.

आवडाबाईने कमरेवरचे हात काढले. तिला काहीतरी खमंग सुचलं असणार, ती आवडाबाई होती. पण ती एवढंच म्हणाली, "येवढा बोलायला पाच वर्सं लागली तुना?"

"तुज्यासमोर बोलायचा होता ना," हौसाबाई म्हणाली.

आवडाबाई पोपटाकडे वळली. "आज कुनी ओरडायचा नाय. गुपचूप पेटवा."

पेंढा पेटला. बैल उडाले. दर वर्षी त्या वेळी जो गलका व्हायचा, तो झाला नाही. जाळाचा आवाज मात्र नीट ऐकू आला.

हौसाबाई थांबली नाही. घरी आली, गोदाने अंगणात लावलेल्या पणत्यांतली एक उचलली, आणि काय वाटलं कोण जाणे, ती परत ठेवून अंधुक उजेडातच गोठ्यात गेली. जीप श्रावणापासून तशीच उभी होती. उलटी अक्षरं असलेल्या फळ्यांवर धूळ बसलेली. ती चाचपडत चालवणाऱ्याच्या जागेशी आली. गादी उचलली. त्याच्या बसण्याने मधोमध खड्डा पडलेली गादी.

झाकणावर तिने तळवा ठेवला. लोखंड गार होतं. मग उजवीकडे, जेवायच्या हाताच्या बाजूला, तिने सगळा जोर लावून पिळलं.

हललं नाही. घट्ट होतं.

तिने आणखी एकदा पिळलं, आणि गादी खाली ठेवली.